‘रिफ्यूट’ लिहिण्याआधी

चि. पोरीस आशीर्वाद,

तुझी इंग्रजी बातमी वाचली. बेळगावच्या सीमाप्रश्नावर लिहायचं धाडस केलंस, छान. पण ‘कर्नाटकाने महाराष्ट्राचा दावा रिफ्यूट केला’ या वाक्याखाली मी लाल रेघ मारली आहे. कर्नाटकाने दावा नाकारला, एवढंच घडलं; त्याला डिनाय म्हणतात. रिफ्यूट म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणं. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून लोंबकळतोय आणि तू एका क्रियापदात निकाल देऊन मोकळी झालीस! इथे बेळगावच्या खडेबाजारात तुझी बातमी कन्नड माणूसही वाचणार, मराठीही. दोघांनाही ती आपल्याच बाजूने किंवा आपल्याविरुद्ध लिहिलीय असं वाटायला हा एक शब्द पुरे आहे.

उलट बाजूनेही तसंच. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडेच ठेवलं. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. तिथेही रिजेक्टच लिही. इथे बेळगावात, टिळकवाडीत बसून ‘रिफ्यूट’ वाचायला मला कितीही गोड वाटलं, तरी.

नव्या डिक्शनरीत रिफ्यूटचा ‘नाकारणे’ हाही अर्थ सापडेल. असू दे. आपल्या बीटवर, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या विषयात, नाकारणं आणि खोडून काढणं यातच सगळं भांडण आहे, तो फरक पुसून कसं चालेल?

डिसइंटरेस्टेडही जप. पंच डिसइंटरेस्टेड हवा, म्हणजे त्याचा स्वतःचा हितसंबंध नको. प्रकरणात रसच नसलेला पंच अनइंटरेस्टेड. तो काय कामाचा? मात्र ‘मूळ अर्थ’ म्हणून भांडू नकोस, हरशील. सतराव्या शतकात डिसइंटरेस्टेडचा ‘रस नसलेला’ असाही अर्थ होताच. नाइस तर एके काळी मूर्खाला म्हणत! डेसिमेट म्हणजे रोमन सैन्यातली दहातल्या एकाला मारायची शिक्षा, हे सांगत फिरणारे मला कंटाळवाणे वाटतात. पुराने ऊस डेसिमेट झाला म्हटलं तर कुणाचाही गैरसमज होत नाही.

आणि हो, तुझ्या उपसंपादकाने प्रीपोन खोडलाय, तो परत घाल. ‘अलीकडे ओढणे’ला इंग्रजांकडे इतका सुटसुटीत शब्द नव्हता, तो आपल्या देशात रुजला. बातमीतली सभा खरंच ठरल्या तारखेच्या अलीकडे घेतलीय ना, तेवढं खानापूरला फोन करून विचार.

तुझा,
काका