एबीएसचा फ्यूज काढून टाकू का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा लागला की ब्रेकचे प्रश्न वाढतात, यंदा तर रावेरपासून शहाद्यापर्यंत सगळीकडून एकच विषय येऊ राहिला की एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करून टाकू का. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, फक्त यावरच बोलू.

प्रश्न (यावल तालुका): माझ्याकडे २०१९ ची छोटी पेट्रोल गाडी आहे. केळीच्या मळ्यात जायचा आमचा रस्ता मुरमाचा आहे. तिथे जोरात ब्रेक मारला की पेडल खडखडतं आणि गाडी पुढे जातच राहते. मागच्या आठवड्यात बैलगाडीला धडकता धडकता वाचलो. मिस्त्री म्हणतो फ्यूज काढ, जुन्या गाडीसारखे कडक ब्रेक लागतील. काढू का दादा?

उत्तर: नका काढू भाऊ. पण तुम्हाला जे जाणवलं ते खरं आहे, तुमचा मिस्त्री पण खोटं बोलत नाहीये, तो अर्धंच सांगू राहिला. सुट्या मुरमावर किंवा बारीक खडीवर चाक जाम झालं की ते मातीत रुततं, चाकापुढे मुरमाचा छोटा ढिगारा जमतो आणि तो ढिगाराच गाडीला अडवतो. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, सेकंदाला अनेक वेळा प्रेशर सोडतं आणि धरतं, म्हणजे तो ढिगारा जमतच नाही, आणि गाडी काही मीटर जास्त जाते. हे जगभर माहीत असलेलं आहे, कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पण लिहिलेलं असतं की सुट्या रस्त्यावर एबीएसने थांबायला जास्त अंतर लागू शकतं.

आता दुसरं अर्धं. तुमच्या गाडीत एबीएससोबत ईबीडी आहे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी सोय. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागच्या चाकांना ब्रेक कमी द्यावा लागतो. जुन्या गाड्यांत हे काम एक साधा मेकॅनिकल व्हॉल्व करायचा. एबीएस आल्यावर बहुतेक गाड्यांत तो व्हॉल्व कंपनीने काढूनच टाकला कारण ते काम आता एबीएसचं युनिटच करतं. म्हणजे फ्यूज काढला की तुमची गाडी जुन्या गाडीसारखी होत नाही, जुन्या गाडीपेक्षाही वाईट होते. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होऊ शकतात, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडी गिरकी घेते, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. फ्यूज काढल्यावर पिवळ्या एबीएसच्या दिव्यासोबत लाल ब्रेकचा दिवा पण लागतो ना, तो याच्यासाठीच लागतो.

मी हे करून बघितलंय. एका गिऱ्हाईकाची गाडी फ्यूज काढलेली आली होती. शहराबाहेर नवीन ले-आऊटचा मोकळा रस्ता आहे, सकाळी सहाला तिथे चिटपाखरू नसतं. डाव्या बाजूची चाकं साईडपट्टीच्या मुरमावर आणि उजवी डांबरावर ठेवली, ४० चा स्पीड, आणि पाय पूर्ण दाबला. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि मी हात हलवायच्या आधीच रस्त्याला आडवी झाली, मागचं तोंड मुरमात. डांबरावर उजव्या बाजूच्या टायरचे दोन काळे वाकडे पट्टे आणि रबराचा जळका वास. मग फ्यूज बसवला, त्याच जागी, त्याच स्पीडला परत तेच केलं. पेडल पायाखाली धडधडलं, गाडी थोडी पुढे गेली, पण नाकासमोर सरळ थांबली, डांबरावर पुसट ठिपके सोडले तर काही नाही.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे दिवसातून किती वेळा अशी वेळ येते की एका बाजूची चाकं डांबरावर आणि दुसऱ्या बाजूची साईडपट्टीवर आहेत? समोरून उसाची किंवा कापसाची ट्रॉली आली की आपण खाली उतरतोच. त्या क्षणी ब्रेक लागला तर फ्यूज काढलेली गाडी ट्रॉलीकडेच फिरते, कारण पकड डांबराकडे आहे. मळ्याच्या रस्त्यावरचे चार मीटर वाचवायला तुम्ही बाकी सगळ्या रस्त्यांवरची गाडी हातातून घालवताय.

मळ्याच्या रस्त्यावर २५-३० च्या वर जाऊ नका, बैलगाडीच्या मागे अंतर डांबरापेक्षा दुप्पट ठेवा, आणि टायर बघा. घासलेल्या टायरला मुरूम धरतच नाही, एबीएस असो नसो. आणि कायद्याचं पण सांगून ठेवतो, कारला आणि १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, ते मनाने काढलं आणि उद्या काही झालं तर विम्याच्या क्लेमच्या वेळी तो मुद्दा निघू शकतो.

प्रश्न (अमळनेर): स्पीडब्रेकरच्या जवळ ब्रेक मारला की एकदम ब्रेक गेल्यासारखं होतं, पोटात गोळा येतो. मग एक सेकंदाने परत लागतो. हा एबीएसचा दोष आहे का?

उत्तर: ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते आणि लोक इथेच एबीएसला शिव्या घालतात. होतं काय, तुम्ही स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात चाक असतानाच ब्रेक दाबून ठेवलेला असतो. चाक उडतं, क्षणभर जमिनीवर त्याचा भार नसतो, आणि भार नसलेलं चाक थोड्या ब्रेकने पण जाम होतं. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरला दिसतं चाक थांबलं, एबीएसचं युनिट प्रेशर सोडतं. तेवढ्यात चाक खाली टेकतं, पण प्रेशर परत भरायला क्षणभर लागतो आणि तोच क्षण तुमच्या पोटात गोळा आणतो.

उपाय पायाचा आहे. ब्रेक स्पीडब्रेकरच्या आधी मारा, चाक वर चढायच्या आधी पाय ढिला करा. तरी सारखं होत असेल तर शॉकअॅब्सॉर्बर तपासा, ते गेलेले असले की चाक जास्त उडतं. चारही कोपरे एकेक करून दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन बसली पाहिजे, दोन-तीन वेळा हलत राहिली तर शॉकअॅब्सॉर्बर बदलायला झालेत.

प्रश्न (धुळे): मना बाबा म्हनस, तीस वर्षं ट्रक चालवला, ब्रेक दाबून सोडून दाबून सोडून मारायचा, मशीनपेक्षा पाय भारी. एबीएसच्या गाडीत पण तसंच करायचं का?

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांगा. ज्या काळात त्यांनी लळिंगचा घाट आणि पळासनेरचा उतार ट्रकवर काढला त्या काळात तो पायच गाडी वाचवत होता, ते कसब खोटं नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक, माणसाला पेडल एकच असतं, तो चारही चाकांचा ब्रेक एकदमच कमी-जास्त करू शकतो, एबीएसला ज्या चाकाला गरज आहे तेवढ्याच चाकाचं प्रेशर सोडता येतं. चिखलात गेलेल्या एका चाकासाठी बाकीच्या तिघांचा ब्रेक सोडायची गरज नसते. आणि दुसरं, कितीही पक्का ड्रायव्हर असला तरी समोर अचानक पोरगं आलं की पाय पूर्ण दाबला जातो, तिथे कसब आठवत नाही.

एबीएसच्या गाडीत पंप करू नका. प्रत्येक वेळी पाय सोडला की तुम्ही स्वतःच ब्रेक सोडता. पाय दाबायचा, दाबूनच ठेवायचा, आणि स्टिअरिंगने बाजूने काढायची. एबीएसचं खरं काम हेच आहे की पूर्ण ब्रेक असताना पण गाडी वळते, कारण फिरणारं चाकच वळवू शकतं, जाम झालेलं चाक फक्त घसरतं. बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं तेव्हापासून मूळ मुद्दा हाच आहे.

बाबांचं एक मात्र आजही तंतोतंत खरं आहे, घाट उतरताना ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं. कन्नडच्या घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून खाली आलात तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं, तिथे एबीएस काहीच करू शकत नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषून घेतं.

प्रश्न (शिरपूर): बायको गाडी चालवत होती, कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, पेडल ट्ररर्र करून पायाला धक्के द्यायला लागलं, ती घाबरली आणि पाय काढला. आता गाडीला हात लावायला तयार नाही.

उत्तर: वहिनींना सांगा गाडीत काही बिघडलेलं नाही, तो आवाज आणि ते धक्के म्हणजे एबीएस काम करू राहिलं. शोरूमवाला ही गोष्ट दाखवतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, गाडी देताना पाच मिनिटं लागतात. तुम्ही दाखवा. रविवारी सकाळी मोकळ्या, ओल्या पटांगणावर न्या, मागेपुढे कोणी नाही बघा, ३० चा स्पीड घ्या आणि त्यांना सांगा पाय पूर्ण दाबा आणि गाडी थांबेपर्यंत उचलू नका. पाच-सहा वेळा केलं की तो आवाज ओळखीचा होतो. मग एक रिकामा डबा ठेवा आणि पूर्ण ब्रेकमध्ये त्याच्या बाजूने गाडी काढायला लावा. गाडी वळते हे एकदा हाताला कळलं की भीती जाते. अगदी शेवटी, गाडी पायी चालण्याच्या वेगावर आली की एबीएस स्वतःच बंद होतं आणि टायर थोडा चिरकतो, त्याला पण घाबरू नका.

प्रश्न (शहादा): २०० सीसीची अॅडव्हेंचर बाईक आहे, मित्रांसोबत तोरणमाळला जातो. कच्च्या रस्त्यावर मागचं एबीएस बंद करायचं बटण आहे. वापरू का? सगळंच बंद केलं तर?

उत्तर: बटण वापरा, ते त्याच्यासाठीच दिलंय. कच्च्या उतारावर मागचं चाक जाम करून बाईक हळू करणं, थोडं घसरवून दिशा देणं, हे येणाऱ्याला उपयोगी आहे, कंपनीने विचार करून तेवढंच मोकळं ठेवलंय. पण पुढचं एबीएस चालूच ठेवा. दोन चाकी गाडीत पुढचं चाक जाम झालं की सावरायला वेळच मिळत नाही, हँडल दुमडतं आणि माणूस खाली. घाटाचा डांबरी रस्ता लागला की थांबून मागचं परत चालू करा. बऱ्याच बाईकमध्ये चावी बंद करून चालू केली की ते आपोआप चालू होतं, तुमच्यात होतं का ते घरीच बघून ठेवा.

कंपनीचं बटण आणि फ्यूज काढणं ही एकच गोष्ट समजू नका. आणि सिंगल चॅनेलवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचं एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं तर नेहमीच जाम होऊ शकतं.

प्रश्न (चोपडा): काळ्या मातीच्या शेतातून गाडी आणली, दुसऱ्या दिवसापासून एबीएसचा दिवा लागू राहिला. गॅरेजवाला म्हणतो युनिट गेलं, मोठा खर्च आहे, त्यापेक्षा कनेक्शन काढून टाकू.

उत्तर: थांबा, युनिट क्वचित जातं. आपली काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते, चाकाच्या आत बसली की सेन्सरची वायर ओढली जाते. आधी चारही चाकांच्या आतून पाण्याने माती काढा. मग स्कॅनर, म्हणजे गाडीचा बिघाड वाचणारं यंत्र, लावायला सांगा, तो कोणत्या चाकाचा सेन्सर ते थेट सांगतो. बहुतेक वेळा वायर तुटलेली असते, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी. सेन्सर काढला तर त्याचं टोक बघा, चुंबक असल्याने लोखंडाचा बारीक कीस केसांसारखा चिकटलेला असतो, कापडाने पुसला की काम होतं.

नुकतंच व्हील बेअरिंग बदललं असेल तर ते पण सांगा. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूला यावी लागते. उलटं बसवलं तर चाक छान फिरतं आणि दिवा कायम लागलेला राहतो. वेगळ्या साईजचा एकच टायर टाकला तरी हा प्रकार होऊ शकतो, कारण त्या चाकाचा वेग बाकीच्यांशी जुळत नाही.

प्रश्न (भुसावळ): सेकंडहँड गाडी बघतोय. मालक म्हणतो एबीएस आहे पण कधी गरजच पडली नाही. चालू आहे का कसं ओळखू?

उत्तर: चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, मीटरकडे बघा. एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदात, किंवा इंजिन चालू केल्यावर विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे, तो भावात धरा. लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. कधी बिघाड लपवायला दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली असते, मग दिवा लागतो, पण ऑइलचा दिवा विझला की हा पण विझतो. म्हणून तो एकटाच विझतो का सोबत दुसरा विझतो ते बघा. मग फ्यूजबॉक्स उघडा, झाकणावरच्या नकाशात एबीएसची जागा दिलेली असते, तिथे फ्यूज आहे का बघा. ती जागा रिकामी दिसली तर बयाना देऊ नका, आधी स्कॅनर लावून घ्या आणि मालकाला विचारा कोणी काढला आणि का.