कोअ‍ॅक्शियल ड्रायव्हर: समोरचा खड्डा भरायला जाऊ नका

तुम्ही लिहिलंय की वूफरच्या (जाड आवाजाचा स्पीकर) मधोमध ट्वीटर (बारीक आवाजाचा स्पीकर) बसवलेल्या आठ इंची कोअ‍ॅक्शियलसमोर नेमका मधोमध माइक लावल्यावर आलेखात ८,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, म्हणजे तिथला आवाज कमी पडतो; तो भरायला क्रॉसओव्हरमध्ये (जाड-बारीक आवाज दोघांना वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) काय बदलू? हात जोडून सांगते, काहीच बदलू नका. याच खड्ड्यापायी माझे आठ महिने गेले.

मी ट्वीटरचा रेझिस्टर कमी केला, कॅपॅसिटर बदलत गेले आणि शेवटी समोरची रेघ सरळ आणली. पण गाणं लावलं की प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात टोचायचा. दोष अ‍ॅम्प्लिफायरचा वाटला, म्हणून तोही बदलला. मग एकदा स्टँडला धक्का लागून माइक वीतभर बाजूला सरकला. तसंच मोजलं, तर खड्डा गायब आणि त्याच जागी चांगलं चार डेसिबलचं टेकाड! खोलीभर मी तेच टेकाड पसरवत होते.

कारण साधं आहे. ट्वीटर मधोमध असतो आणि वूफरचा कोन (हलणारा शंकू) हाच त्याचा भोंगा. आवाज कोनाच्या गोल कडेला पोचला की तिथून पुन्हा पसरतो. बरोबर समोर उभं राहिलं तर सगळी कड सारख्याच अंतरावर, त्यामुळे तिथून येणारा आवाज एकदम पोचतो आणि काही ठिकाणी मूळ आवाजाला मारतो. ८,००० हर्ट्झची लहर जेमतेम ४.३ सेंटिमीटरची. १५ अंश बाजूला गेलं की अंतरं वेगवेगळी होतात आणि खड्डा बुजतो.

म्हणून ज्याचे ०, १५, ३०, ४५ अंशांचे आलेख मिळत नसतील तो ड्रायव्हर मी घेणार नाही. माझ्या ड्रायव्हरच्या उत्पादकाला मी तीनदा पत्र लिहिलं. तिन्ही वेळा समोरचाच आलेख परत आला, सोबत ‘धन्यवाद’. ग्राहकाने पेटी बांधायची ती कशाच्या भरवशावर? याचा राग अजून जात नाही.

कोन उथळ आणि कड गुळगुळीत असलेला बघा. केईएफ या ब्रिटिश कंपनीच्या १९८८च्या युनि-क्यू ड्रायव्हरमध्ये ट्वीटर वूफरच्या व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) आत बसला, तो निओडिमियम चुंबक छोटं मिळालं म्हणून. ही रचना मला घरासाठी जास्त पटते. स्टेजसाठीचे कॉम्प्रेशन ट्वीटरवाले (पडद्याचा आवाज अरुंद वाटेने दाबून बाहेर सोडणारे) वाईट नाहीत, पण त्यांचा ट्वीटर वूफरपेक्षा सहज दहा डेसिबल मोठा असतो, तो आधी खाली आणावा लागतो. तयार क्रॉसओव्हर तर नकोच. वूफर आणि ट्वीटर दोन्ही तुमच्या पेटीत बसवून, माइक न हलवता, फेजसकट (दोघांच्या लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत तेही) मोजा.

आणि जमलं तर १०० हर्ट्झखालचं काम दुसऱ्या वूफरला द्या. भोंग्याची भिंतच पुढेमागे हलत असेल तर वरचा आवाज गढूळ होणारच.

माझा अनुभव सहा आणि आठ इंचांचाच आहे, पंधरा इंचींबद्दल माझं ऐकू नका. आधी रेझिस्टर मूळचा लावा, पेट्या थोड्या फिरवून ऐका आणि १५ अंशांचा आलेख टाका. क्रॉसओव्हरमधल्या वूफरच्या कॉइलचं त्यानंतर बघू.