मेंटॉरशिप प्रोग्रॅममुळे डिग्री पूर्ण व्हायला खरंच मदत होते का?

हो, होते, पण मेंटॉर नुसता नावाला नेमलेला नसेल तर. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये एएसएपी नावाचा प्रोग्रॅम सुरू केला, दोन वर्षांच्या डिग्रीच्या मुलांसाठी, त्यात एका ॲडव्हायझरकडे मुलं कमी आणि वरचेवर भेटणं कंपल्सरी, शिवाय फी, पुस्तकं, प्रवासाचा पास यांची मदत. एमडीआरसी या अमेरिकन संशोधन संस्थेच्या अभ्यासात प्रोग्रॅममधली 40 टक्के मुलं तीन वर्षांत पास आउट झाली, प्रोग्रॅममध्ये न घेतलेल्यांपैकी 22 टक्के, आणि कोणाला घ्यायचं हे लॉटरीने ठरवलेलं, म्हणजे आधीच हुशार मुलं निवडली असंही म्हणता येत नाही. अर्थात यात पैशाची मदतही होतीच.

मुलं गळतात ती नेहमी अभ्यास झेपत नाही म्हणून नाही हो, फॉर्मची तारीख चुकते, एखादा विषय राहतो, फी अडते आणि कोणाला विचारायचं तेच कळत नाही, घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेलेलं असेल तर जास्तच. त्यामुळे प्रोग्रॅम निवडताना एवढं नक्की विचारा की एका मेंटॉरकडे किती जण आहेत आणि कोणी यायचं बंद झालं तर स्वतःहून फोन कोण करतं.