पहिल्या महिन्यातले निकाल कसे वाचायचे

प्रिय बाळ,

चारही निकाल कळले. गेल्या वर्षी साखळीतच बाद झालेल्या हॉकीच्या मुलींना घेऊन तू या हंगामात अजून एकही सामना हरलेली नाहीस. वाचून ऊर भरून आला. पण तू पुढे जे दोन प्रश्न विचारलेस त्यांचा मला त्याहून जास्त आनंद झाला: हे टिकेल का, आणि यात माझं किती? नव्या कोचला हे प्रश्न बहुतेक वेळा पहिली हार झाल्यावर पडतात. तुला जिंकत असताना पडले.

उत्तर देण्याआधी एक उदाहरण नीट समजून घे. प्रशिक्षक क्रेग फुल्टनचे भारतीय पुरुष हॉकी संघाबरोबरचे पहिले काही महिने. तू ते सामने टीव्हीवर पाहिले असशील, पण तेव्हा प्रेक्षक म्हणून पाहिलेस. आता कोच म्हणून पाहा.

जानेवारी २०२३. विश्वचषक आपल्याच घरी, भुवनेश्वर आणि राउरकेलाला. न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी होती, ती ३-३ झाली, शूटआउटमध्ये आपण हरलो आणि उपांत्यपूर्व फेरीसुद्धा गाठली नाही. शेवटी संयुक्त नववा क्रमांक. तेव्हाचे प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला आणि मार्चच्या सुरुवातीला फुल्टनचं नाव जाहीर झालं. बेल्जियमने २०१८ चा विश्वचषक आणि टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं तेव्हा हा माणूस त्यांचा सहायक प्रशिक्षक होता. त्याआधी त्याने आयर्लंडच्या पुरुष संघाला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत नेलं होतं. आयर्लंड त्याआधी ऑलिंपिक हॉकीत खेळला होता तो १९०८ साली.

आता इथे थांब, कारण पुढची गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच राहिलेली नाही. त्याच मार्चमध्ये राउरकेलाला प्रो लीगचे, म्हणजे देशादेशांमधल्या साखळी स्पर्धेचे, चार सामने झाले. जर्मनीला आपण ३-२ आणि ६-३ असं हरवलं. तोच जर्मनी, जो दीड महिन्यापूर्वी भुवनेश्वरला जगज्जेता झाला होता. ऑस्ट्रेलियाला ५-४ ने हरवलं आणि दुसऱ्या वेळी २-२ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये. चारपैकी चार. आणि तेव्हा फुल्टनने संघाचा ताबा घेतलेलाच नव्हता! हंगामी प्रशिक्षक संघ सांभाळत होते.

नवा कोच बहुतेक वेळा आणला जातो तो संघ सगळ्यात खाली गेलेला असताना. त्या ठिकाणाहून संघ थोडा वर येणारच असतो, कोणीही आलं तरी. तुझ्या मुलींचंही काही अंशी तसंच आहे. गेल्या वर्षी त्या जितक्या वाईट खेळल्या तितक्या त्या वाईट नव्हत्याच. भर म्हणजे नवा कोच आला की सगळ्यांची पाटी कोरी होते. जी मुलगी दोन वर्षं बाकावर बसून होती तिला वाटतं, आता माझी वेळ येईल. जिची जागा पक्की होती तिला धाकधूक वाटते. सरावाला सगळ्या वेळेवर येतात, पाणी प्यायला जातानासुद्धा पळत जातात. हा जोर खरा असतो, पण तो फार दिवस पुरत नाही. शिवाय समोरच्या टीमला तू कशी खेळवतेस हे अजून ठाऊक नाही. दुसऱ्या फेरीत त्यांना ते ठाऊक असेल.

म्हणून यात तुझं किती हे चार निकालांवरून कळणार नाही. ते कुठे दिसतं, ते फुल्टनच्या पहिल्या दौऱ्यावरून सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी लंडनमध्ये त्याचा पहिला सामना बेल्जियमशी होता. आपण १-२ ने हरलो. दुसऱ्या दिवशी ग्रेट ब्रिटनकडून २-४. नवा कोच, दोन सामने, दोन हारी. आठवड्याभराने त्याच मैदानावर तेच दोन संघ पुन्हा समोर आले. बेल्जियमला आपण ५-१ ने हरवलं आणि ब्रिटनशी ४-४ करून शूटआउट जिंकलं. पुढे आइंडहोवनला नेदरलँड्सकडून १-४ ने हरलो आणि तीन दिवसांनी त्यांच्याकडूनच २-३ ने. हा दुसरा सामनाही हारच होता, पण मला विचारशील तर त्या दौऱ्यात ५-१ इतकंच मोल २-३ ला आहे. तोच प्रतिस्पर्धी, तीनच दिवस, आणि मधला फरक भरून काढता आला. सुधारणा मोजायची असेल तर अशी मोजावी: त्याच टीमशी दुसऱ्यांदा खेळताना काय बदललं?

ऑगस्टमध्ये चेन्नईला आशियाई चॅम्पियन्स करंडकात हेच पुन्हा दिसलं. साखळीत जपानशी १-१. आपल्याला पंधरा पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलच्या पंधरा थेट संधी, मिळाल्या आणि गोल झाला एकावर. घरचे प्रेक्षक नाराज होऊन गेले. आठवड्याने उपांत्य फेरीत तोच जपान, निकाल ५-०. अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध मध्यंतराला आपण १-३ ने मागे होतो. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात हरमनप्रीतचा पेनल्टी स्ट्रोक आणि लगोलग गुरजंतचा गोल, ३-३. छपन्नाव्या मिनिटाला आकाशदीपने चौथा मारला. ही फीत मिळाली तर मुलींना जरूर दाखव, पण गोल दाखवून थांबू नकोस. दुसऱ्या अर्ध्यात मलेशियाला एकही गोल करता आला नाही, तिथे आपले खेळाडू कसे उभे होते ते दाखव.

कारण फुल्टनने आल्यापासून धरलेला हट्ट हाच होता: आधी बचाव पक्का करायचा, आणि तो जिंकण्यासाठी करायचा. आपल्याकडे हे पटकन पचत नाही. विशेषतः आपल्या पुण्यात. खडकीच्या धनराज पिल्लेला बॉल घेऊन सुसाट जाताना पाहून ज्यांनी स्टिक हातात घेतली त्या पिढीला बचाव म्हटलं की वाटतं, भ्यायला शिकवताहेत. तुझ्या मुलींनाही बॉल घेऊन पळायचंय, आणि ते त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस. पण कोच बदलल्यावर आधी सुधारतो तो बचाव. आक्रमणाला एकमेकींच्या धावण्याची सवय लागते, नजर लागते, त्यात वर्षं जातात. बचाव म्हणजे कुठे उभं राहायचं, कधी हलायचं आणि कोणी आवाज द्यायचा. मुली मनावर घेतील तर तीन आठवड्यांत फरक दिसतो.

तो कसा पाहायचा ते सांगतो. समोरच्या टीमने मागून खेळ सुरू केला की आपली फॉरवर्ड त्यांच्या शेवटच्या फळीतल्या फुलबॅकवर कशी धावते ते बघ. नाकासमोर धावत गेली तर फुलबॅकला दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, ती हवा तिकडे बॉल देते आणि आपली पोरगी नुसती दमते. तीच जर आतल्या बाजूने थोडा वळसा घेऊन गेली, कमरेत वाकून, स्टिक जमिनीला टेकवून, तर मधला रस्ता बंद होतो. बॉल साइडलाइनकडेच जाणार. तिथे मधल्या फळीतली आपली हाफ दोन पावलं आधीच सरकलेली असेल तर बॉल आपला, आणि त्यांच्या निम्म्या मुली पुढे गेलेल्या असताना आपला. मग पळा हवं तेवढं, धनराजसारखं. हे सगळं त्या एका वळशावर आणि त्या दोन पावलांवर अवलंबून आहे.

दुसरी खूण याहून सोपी आहे. बॉल हातचा गेला की पहिली तीन पावलं कुठल्या दिशेने पडतात? गेल्या वर्षीचे तुझ्या टीमचे दोन सामने मी पाहिले होते. बॉल गेला की मुली कमरेवर हात ठेवून पंचांकडे बघायच्या. परवा तू पाठवलेल्या व्हिडिओत तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुझ्या डाव्या फॉरवर्डने बॉल गमावला आणि मान वर करायच्या आत ती मागे वळली होती. पंचवीस यार्डाच्या रेषेपर्यंत पळाली. तिला बॉल मिळाला नाही, पण समोरच्या मुलीला आडवा पास द्यावा लागला. हे तुझं काम आहे. हे आपोआप होत नाही, नव्या कोचच्या नवलाईनेही होत नाही. त्या मुलीला सगळ्यांसमोर शाबासकी दे, आणि कशाबद्दल ते नेमकं सांग.

आता गोलांबद्दल. परवा तुम्ही नऊ गोल मारलेत, त्यावर घरचे खूश आहेत, असू देत. तू मात्र तो सामना हिशेबातून काढून टाक. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने सात सामन्यांत ६८ गोल केले आणि सुवर्ण जिंकून पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट काढलं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यातले ४४ गोल उझबेकिस्तान, सिंगापूर आणि बांगलादेश या तिघांवर होते. उरलेले चार सामने बघ: जपानशी ४-२, पाकिस्तानशी १०-२, उपांत्य फेरीत कोरियाशी ५-३ आणि अंतिम फेरीत पुन्हा जपानशी ५-१. कोरियाच्या सामन्यात पहिल्या क्वार्टरला ३-० अशी आघाडी होती, तरी त्यांनी आपल्याला घाम फोडला. कोच म्हणून शिकायला तो एक सामना पुरेसा आहे, उझबेकिस्तानवरच्या १६-० मधून काही मिळत नाही.

आधीच्या सरांबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, ती ओळ मला खटकली. हांगझोला सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले बरेचसे खेळाडू रीड यांच्या हाताखाली टोकियोचं कांस्य जिंकून आले होते. भारताला हॉकीत ४१ वर्षांनी मिळालेलं ते ऑलिंपिक पदक. फुल्टनला मैदान मोकळं मिळालं नव्हतं, नांगरलेलं मिळालं होतं. तुझ्या मुलींचा बॉल थांबवण्याचा हात इतका मऊ आहे, तो तू महिन्याभरात घडवलेला नाहीस. या आठवड्यात त्या सरांना फोन कर. कुठल्या मुलीच्या घरी काय अडचण आहे, कोण रागावल्यावर खुलते आणि कोण मिटते, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना सामन्याला बोलाव आणि डगआउटजवळ खुर्ची दे.

आणि उतार येईल. हे मुलींना आत्ताच, जिंकत असताना सांग. नंतर सांगितलंस तर ती सबब वाटेल. आशियाई सुवर्णानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, भारतीय संघ पर्थला गेला आणि ऑस्ट्रेलियाकडून पाचपैकी पाच सामने हरला. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. काय काय लिहिलं, बोललं गेलं तेव्हा! ऑगस्टमध्ये पॅरिसला त्याच ऑस्ट्रेलियाला आपण ३-२ ने हरवलं, ऑलिंपिकमध्ये ५२ वर्षांनी. मग ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी खेळून सामना १-१ ठेवला आणि शूटआउट जिंकलं. एक माणूस कमी असताना बचावाची रेषा मोडत नाही ती वर्षभर उभं राहायचं शिकल्यामुळे. शेवटी स्पेनला हरवून कांस्य. आणि एवढं होऊनही २०२५ च्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगचे सलग सात सामने हरले, मग सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया चषक जिंकला. या सगळ्या काळात कोच तोच होता.

गोलरक्षक बदलायचा का, असं तू विचारलंस. नको. परवाचा गोल तिच्या पायाखालून गेला हे खरं, पण पेनल्टी कॉर्नरला तुझी पहिली धावणारी मुलगी उशिरा निघाली आणि चुकीच्या रेषेत धावली, त्यामुळे गोलरक्षकाला बॉल शेवटपर्यंत दिसलाच नाही. कॉर्नरला बचावाला गोलरक्षक धरून पाचच जणी असतात. त्या पाच जणींचा सराव रोज वीस मिनिटं वेगळा घे, धावणाऱ्या मुलीला मास्क आणि गुडघ्याचे पॅड घालूनच. पालक गोलरक्षकाबद्दल बोलायला आले तर ऐकून घे, चहा पाज, आणि संघ तूच निवड.

पुढच्या रविवारी तुमची गाठ पुन्हा पहिल्या सामन्यातल्याच टीमशी आहे. तेव्हा १-१ झालं होतं. बाकावरच्या एका मुलीला वही दे आणि तीनच गोष्टी लिहायला सांग: समोरच्यांचा बॉल आपल्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, किती वेळा आला, आपण त्यांच्या अर्ध्यात किती वेळा बॉल हिसकावला, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये हे दोन्ही आकडे कसे बदलले. चौथ्या क्वार्टरचे आकडे घसरले तर तुझी अडचण दमाची आहे. मग बदली खेळाडू लवकर लवकर फिरव, अठराच्या अठरा मुली वापर. पहिल्या सामन्याचा व्हिडिओ बघून हेच आकडे शनिवारपर्यंत काढून ठेव, म्हणजे समोरासमोर ठेवता येतील. सामना झाल्यावर दोन्ही पानांचे फोटो पाठव. निकाल नाही कळवलास तरी चालेल, तो मला कुठून ना कुठून कळतोच.

तुझे,
सर