धानाच्या खोडकिडीवर निंबोळी अर्क चालतो का, की नुसती मेहनत वाया?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दोन एकर धानात निंबोळी अर्क मारला, चार दिवसांनी पाहिलं तर गाभे (फुटव्यातली मधली कोवळी पानं) सुकतच चाललेत, आणि कृषी केंद्रवाला हसला. मी भंडारा जिल्ह्यातला, धानवालाच. हसणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. गाभा सुकला म्हणजे अळी खोडात शिरून बसली, तिथं निंबोळीचं पाणी पोचत नाही. अर्क वाईट नसेल, तुम्हालाच उशीर झाला.

निंबोळी म्हणजे झटपट मारणारं औषध नव्हे. तिच्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची भूक मोडतं, नीट कात टाकू देत नाही आणि मादी त्या पानावर अंडी घालायला टाळते. सकाळी फवारून संध्याकाळी मेलेल्या अळ्या मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पानं गुंडाळणाऱ्या अळीवर फरक कळतो. गुंडाळी उलगडली तर अळी जिवंतच असते, पण मलूल, पान खरवडणं थांबलेलं. एकदा तर अर्धी कात अंगाला तशीच चिकटलेली सापडली, घरी आणून पोरांना दाखवली.

खोडकिडीसाठी नजर पतंगावर ठेवा. मादी पिवळी, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. रात्री दिव्यावर येते. अंडी पानाच्या शेंड्याकडे, पुंजक्यात, वर भुरकट लव. साधारण आठवडाभरात अळ्या निघतात आणि खोडात शिरतात. अर्काचं काम तेवढ्याच दिवसांत. खरं तर रोवणीआधी पऱ्ह्यांचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, शेंडे कापणं सगळ्यात स्वस्त. जुडी हातात धरायची, विळ्यानं शेंडे उडवायचे, अंडी त्यांच्यासोबत जातात. मात्र ते शेंडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच टाकू नका, पुरून टाका.

आता अर्काचं. ५ टक्के म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो. कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून दोनदा गाळायची, मग पाणी पुरं करून थोडा साबण घालायचा, नाहीतर धानाच्या पानावरून थेंब घरंगळून जातो. पहिल्या वर्षी मी निंबोळ्या गरासकट पोत्यात भरल्या होत्या. आत बुरशी चढली, सगळा माल काळा. त्यात एकदाच गाळलेलं पाणी पंपात ओतलं आणि दिवसभर नोझलच साफ करत बसलो. तेव्हापासून गर धुऊन, सावलीत वाळवून, गोणपाटात ठेवतो. जून-जुलैत वेचलेली निंबोळी त्याच हंगामात वापरायची. तयार अर्क दुसऱ्या दिवसावर ठेवायचा नाही आणि फवारणी ऊन उतरल्यावरच, कारण उन्हात त्याचा दम लवकर जातो. पाऊस आला तर पुन्हा मारा.

तुडतुड्यांवर मारायचा असेल तर नोझलचं तोंड बुंध्याकडे. ते पाण्याच्या वर, चुडाच्या (एका जागी रोवलेल्या रोपांच्या झुबक्याच्या) तळाशी बसतात आणि आपण वरून पानं धुऊन येतो.

झाडपाल्याचं म्हणून काहीही उकळून मारू नका. कोणी तंबाखूचा काढा सांगेल. त्यातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं, झाडाचं असलं तरी विषच. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलंय. निंबोळी असो की काही, तोंडाला फडकं आणि अंगभर कपडे हवेतच.

तुमच्या बांधीत आज एवढं करा. सुकलेला गाभा धरून ओढा. अलगद निघून आला तर खोडकीड. कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी असेल तर ती गादमाशी, तिथं आता अर्क घालून उपयोग नाही. खोडकीड असेल तर शेताच्या तिरप्या रेषेत वीस चुडांतले एकूण फुटवे आणि सुकलेले फुटवे मोजा. शंभर फुटव्यांत पाचपेक्षा कमी सुकलेले असतील तर सुकलेले उपटून नष्ट करा आणि नवे पुंजके दिसताच अर्क मारा. पाच किंवा जास्त निघाले तर अर्काचा हट्ट सोडा, कृषी सहायकाला (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) बोलावून बांधीत उभं करा. काय निघालं ते इथंच खाली लिहा.