एचबीए१सी ६.९ असताना सीजीएमचा अहवाल बघायची गरज आहे का?

तुमच्या वडिलांना सीजीएम, म्हणजे साखर सतत मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावला होता, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.९ आला, आणि तुम्ही विचारताय की तीन महिन्यांची सरासरी चांगली असताना एवढे आलेख बघायचे कशाला, शिवाय पुढचा सेन्सर कुठल्या कंपनीचा घ्यायचा. आलेख बघायलाच हवेत. त्यातही रात्रीचे आधी.

माझ्या आईचा एचबीए१सी ६.८ होता. वय ७३, मधुमेह वीस वर्षांचा, रात्री बेसल, म्हणजे सावकाश आणि बराच वेळ काम करणारं इन्सुलिन आणि दोन वेळा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी. ६.८ बघून सगळे खूश. फक्त सकाळची उपाशीपोटीची साखर १८०-१९० यायची, त्याचा मेळ कुणाला लागत नव्हता. म्हणून इन्सुलिन १८ युनिटवरून २२ वर नेलं गेलं. सकाळचा आकडा तरीही हलेना.

मग एका रात्री वहिनीने आईला स्वयंपाकघरात अंधारात साखर खाताना पाहिलं. दादाला वाटलं, कारण सापडलं. आई चोरून गोड खाते. तो तिला खूप बोलला, आणि साखरेचा डबा तिचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवला. आई एवढंच म्हणाली, "मला राहवत नाही रे." पुढे तिने सांगणंच सोडलं. सकाळी डोकं दुखायचं, उशी घामाने ओली असायची, तीही ती गुपचूप उन्हात टाकायची.

सेन्सर लावायचा हट्ट माझा. दादाचं म्हणणं, आकडे बघून बघून तू तिला जास्त आजारी करशील. पहिले काही दिवस अलार्म मी बंद ठेवला होता, तिची झोप मोडू नये म्हणून. ती चूक माझी. सहाव्या दिवशी आलेख नीट पाहिले, तर सहापैकी चार रात्री बारापासून रेषा हळूहळू उतरत तीनच्या सुमारास ५५ च्या आसपास पोचलेली, तासभर तिथेच, आणि मग एकदम वर. ते वर जाणं म्हणजे आईचं खाणं. आधी साखर पडत होती, मग ती खात होती. सकाळचे १९० तिथून येत होते, आणि ते १९० बघून आम्ही तिचं इन्सुलिन वाढवलं होतं.

दादा म्हणाला, सेन्सर असलेल्या कुशीवर झोपली असेल, दाब पडला की खोटा आकडा येतो. हा मुद्दा खरा आहे. दंड दाबला गेला की सेन्सर कमी दाखवतो, पण ती रेषा अचानक कोसळते आणि कूस बदलली की तशीच झटकन सावरते. आमची रेषा तीन तास सावकाश घसरत होती. तरीही मी दोन रात्री तिच्या उशाशी बसले आणि तीन वाजता बोटातून रक्त काढून तपासलं. ग्लुकोमीटरवर ५८ आणि ६१. सेन्सरवर ५४ आणि ५७. ती रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेते. त्या औषधाने साखर उतरतानाची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतोच. म्हणजे आईचं शरीर ओल्या उशीतून रोज सांगत होतं.

एचबीए१सीला हे दिसत नाही, कारण ती सरासरी आहे. ५० आणि २५० ची सरासरी १५०, आणि १५० दिसायला छान. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर हाच आकडा खोटा चढतो.

तुमच्या अहवालात आधी ७० च्या खाली किती टक्के वेळ गेलाय ते बघा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली उद्दिष्टं अशी आहेत: बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ खाली १ टक्क्याहून कमी. वयस्कर किंवा नाजूक तब्येतीच्या माणसासाठी ७० ते १८० मध्ये ५० टक्के पुरेत, पण ७० खाली १ टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला पाव तासही नको. आईचा हा आकडा ९ टक्के होता, रोजचे दोन तास. त्यानंतर एजीपीचा आलेख, म्हणजे सगळ्या दिवसांची मोजमापं एकाच चोवीस तासांवर मांडलेलं चित्र. मधली रेषा म्हणजे त्या त्या वेळची मध्यावरची साखर, गडद पट्टा म्हणजे मधली निम्मी मोजमापं. कुठल्या तासाला पट्टा फुगतो किंवा खाली टेकतो, ते डॉक्टरांना दाखवा. दर पाच मिनिटांच्या आकड्यामागे धावू नका.

डॉक्टरांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली आणि इन्सुलिन परत १८ वर आणलं. पुढच्या सेन्सरमध्ये ७० खालचा वेळ १ टक्क्याच्या आत आला, सकाळची साखर १३०-१४०. आई सलग झोपायला लागली. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२. दादा आजही म्हणतो, "६.८ चं ७.२ केलंस." हो, केलं. ६.८ तिच्या रात्रींच्या बदल्यात मिळालेलं होतं, आणि या वयात ७.२ ला कुठलाही समंजस डॉक्टर नावं ठेवणार नाही. तिला चोर ठरवलं गेलं त्याबद्दल अजून कुणी तिची माफी मागितलेली नाही, हे मला ७.२ पेक्षा जास्त लागतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिल्या दिवसाचे आकडे फारसे धरू नका. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, ती रक्ताच्या पाच-पंधरा मिनिटं मागे असते, म्हणून लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोटातून तपासा. काही सेन्सर क व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसने चुकतात. आलेख बघून स्वतःच औषध कमीजास्त करू नका. वडील फक्त मेटफॉर्मिनवर असतील तर साखर धोकादायक उतरण्याची शक्यता फार कमी, मग माझी ही सगळी तळमळ तुम्हाला लागू नाही. कंपनीबद्दल एवढंच की साखर उतरली की वाजणारा अलार्म हवा, आणि तो चालू हवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र वडिलांना आजच विचारा, रात्री जाग येते का, भूक लागते का. घरातले बाकीचे समोर नसताना विचारा, आणि ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या हाताशी ठेवा.