आधी विचारा, मेडिकल वाचलंय का

मेव्हण्यावर मारामारीची केस झालीय, तालुक्याचा वकील धरावा की पुण्या-मुंबईचा नावाजलेला, आणि फी किती पडते, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न वाचला आणि आमचे दाजी आठवले, म्हणून लिहायला बसलो.

२०१८ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, बांधावरून भांडण झालं आणि माझ्या धाकट्या भावावर ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागलं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. कोर्ट म्हणजे तोवर वाटणीचे दावे, एवढंच माहीत. तीन दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. आईने अन्न सोडलेलं. दाजी पुण्यात नोकरीला. ते म्हणाले, "तालुक्यातले काळे कोटवाले तारखा घेण्यापलीकडे काही करत नाहीत. मी टीव्हीवर बोलणारा माणूस आणतो." दोन म्हशी विकून पंच्याहत्तर हजार रोख दिले. तो माणूस काही आला नाही, त्याचे ज्युनिअर आले.

जामीन अर्जाच्या पहिल्या तारखेला सरकारी पक्षाचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, आला नव्हता, तिथे कोणाचा इलाज नाही. दुसऱ्या तारखेला से आला, तर साहेब हायकोर्टात अडकलेले, म्हणून आमच्याच ज्युनिअरने तारीख मागून घेतली. माणूस आत आणि त्याच्याच जामीन अर्जावर त्याचाच वकील तारीख मागतोय! तिसऱ्या वेळी ज्युनिअरही वेगळा. त्याने व्हरांड्यात मला विचारलं, "आरोपी तुम्हीच का?" आरोपीला आत जाऊन पंचेचाळीस दिवस झाले होते.

त्याच दिवशी कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याला विचारलं की तुझा भाऊ आत असता तर कोणाकडे गेला असतास. त्याने एक नाव सांगितलं. (हा प्रश्न तुम्हीही विचारा. कोण अर्ज स्वतः सांगून टाइप करून घेतो आणि कोण जुन्याच अर्जात नाव बदलतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.) ते वकील जुन्या स्कूटरवर यायचे, ऑफिस एका खोलीचं. त्यांनी फिर्याद, रिमांडचे कागद आणि से-ला जोडलेलं मेडिकल, म्हणजे जखमीचं डॉक्टरी सर्टिफिकेट, मागितलं आणि वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "फिर्यादीत कोयता आहे, सर्टिफिकेटमध्ये जखम बोथट वस्तूची आहे. तीही दंडावर. फिर्याद दुसऱ्या दिवशी दुपारी दिलीय. हे कोणी कोर्टाला दाखवलं का?" कोणी दाखवलं नव्हतं. आणि ते सगळे कागद पुण्याच्या फाइलमध्ये से आल्यापासून होते.

आता वकील बदलायचा तर आधीच्याची एनओसी लागते. पुण्याहून निरोप आला, उरलेली फी द्या, मग कागद आणि एनओसी घ्या. फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. एनओसी मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नवं वकीलपत्र दाखल करता येतं. आम्ही तेच केलं. पुढच्या आठवड्यात जामीन झाला.

निकाल २०२३ मध्ये लागला. ३०७ टिकलं नाही, ३२४ खाली, म्हणजे घातक हत्याराने दुखापत केल्याबद्दल, दोषी धरलं, शिक्षा भोगलेली तेवढीच आणि वर दंड. दाजी अजून दर दिवाळीला म्हणतात, "पुण्याचे राहिले असते तर निर्दोष सुटला असता." दाजी, त्याने काठी मारली होती. साक्षीदार तीन होते. जे झालं नाही ते कोर्टात पाडता येतं, जे झालं ते कोण पुसणार?

तर तुमचं. जो पहिल्या भेटीत "उद्या सोडवतो" म्हणेल त्याच्या पायऱ्या उतरा. "सुटल्यावर पैसे द्या" म्हणणाऱ्याच्याही उतरा, निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे. ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. तुमची केस ज्या कोर्टात चालणार तिथे तो खरंच उभा राहतो का, ते बघा. उलटतपासणी स्वतः घेणार की ज्युनिअर, हे तोंडावर विचारा. आणि पैसे नसतील तर लाजू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत जा नाहीतर १५१०० ला फोन करा. तिथला वकील कसा निघेल, ते मात्र नशीब.

एक राहिलं. मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा) किंवा एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) असं काही लागलं असेल तर माझं तालुकापुराण बाजूला ठेवा, त्या कायद्याखालच्या केसेस चालवलेलाच माणूस शोधा. शिवाय कलमं आता बदललीत. १ जुलै २०२४ पासूनची घटना असेल तर ३०७ म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०९ आणि ३२४ म्हणजे ११८(१). मी जुन्याच नंबरांत बोलतोय.

फीचं म्हणाल तर आमच्या तालुक्याच्या वकिलांनी एकूण चाळीस हजार घेतले, पाच वर्षांत, हप्त्याने, प्रत्येक वेळी पावती देऊन. पंच्याहत्तर हजारांची पावती दाजी पुढच्या दिवाळीला आणणार आहेत.